न लिहिलेला तास

महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतील कामाच्या दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर आणि ओव्हरटाइमची तिमाही मर्यादा ११५ तासांवरून १४४ तासांवर नेण्यास मान्यता दिली. तेव्हापासून जी वादावादी चालू आहे, तिच्यात दोन्ही बाजूंचे आवाज चढलेले आहेत आणि मूळ विषय मात्र हातून निसटला आहे. एक बाजू म्हणते, ही वेठबिगारीच परत आली. दुसरी म्हणते, गुंतवणूक हवी असेल तर कायद्याला थोडे सैल व्हावे लागेल, आणि दुप्पट मोबदला व कामगाराची लेखी संमती या अटी आहेतच. त्याआधी हाच वाद सुस्थित वर्गात वेगळ्या थाटात रंगला होता. नारायण मूर्तींनी ऑक्टोबर २०२३ मध्ये तरुणांना आठवड्याला सत्तर तास काम करण्याचा सल्ला दिला, जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचे नव्वद तासांचे उद्गार बाहेर आले, आणि काम व आयुष्य यांच्या समतोलावर महिनाभर प्रवचने झाली. या सगळ्या चर्चेत एक गोष्ट सर्वांनीच गृहीत धरलेली असते: लोक कायद्यात लिहिले आहे तितके तास काम करतात आणि केलेल्या कामाचे पैसे त्यांना मिळतात. चाकण, वाळूज किंवा बुटीबोरीला संध्याकाळी शिफ्ट सुटताना कंत्राटी कामगारांच्या बसपाशी थोडा वेळ उभे राहिले, तरी हे गृहीतक टिकत नाही. बारा तासांच्या दिवसाला मंत्रिमंडळाच्या मान्यतेची वाट पाहावी लागलेली नाही. तो आधीपासून चालू आहे, फक्त हजेरीपटावर दिसत नाही.

म्हणून नऊ की बारा या प्रश्नाच्या आधी दुसरा प्रश्न सोडवला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. कामाचा तास लिहितो कोण, तो कोणाच्या वहीत जातो आणि ती वही कामगाराला पाहायला मिळते का? याचे उत्तर मिळेपर्यंत मर्यादा नऊची ठेवा नाहीतर बाराची करा, कामगाराच्या खिशात पडणाऱ्या पैशात फरक पडत नाही, कारण जो तास लिहिलाच गेला नाही त्याला ना दर लागू होतो, ना मर्यादा.

थोडा हिशेब मांडतो. एका कामगाराला महिन्याच्या सव्वीस दिवसांचे, रोज आठ तासांप्रमाणे, १५,६०० रुपये मिळतात असे धरू. म्हणजे दिवसाचे सहाशे आणि तासाचे पंचाहत्तर. तो रोज चार तास जादा थांबला तर दुप्पट दराने त्या चार तासांचे सहाशे, म्हणजे आणखी एका पूर्ण दिवसाची मजुरी, त्याला मिळायला हवी. प्रत्यक्षात ठेकेदाराकडे ज्याला कामगार 'सिंगल ओटी' म्हणतात तोच, म्हणजे एकपट दराचा ओव्हरटाइम, चालत असेल, तर हातात पडतात तीनशे. महिन्याचा फरक ७,८०० रुपये, म्हणजे मूळ पगाराच्या निम्मा. आता मर्यादेकडे पाहा. रोज चार तास या गतीने १४४ तास छत्तीस दिवसांत संपतात. तिमाहीत कामाचे दिवस असतात अठ्ठ्याहत्तर. उरलेल्या बेचाळीस दिवसांचे १६८ तास पक्क्या रजिस्टरमध्ये लिहिताच येत नाहीत, कारण लिहिले तर मालकाने स्वतःच्या सहीने गुन्हा कबूल केल्यासारखे होईल. मग ते कच्च्या वहीत जातात, किंवा 'इन्सेंटिव्ह', 'प्रवासभत्ता' अशा नावांखाली पगारपत्रकात शिरतात, किंवा कोठेच जात नाहीत. मर्यादा वाढवल्याने दोन वह्यांचा कारभार संपेल असे ज्यांना वाटते, त्यांनी हा भागाकार एकदा करून पाहावा.

यात आणखी एक बारीक चलाखी असते. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ५९ व्या कलमात जादा कामाचा दर 'सर्वसाधारण दराच्या दुप्पट' होता, आणि त्या सर्वसाधारण दरात मूळ वेतनाबरोबर भत्तेही धरायचे होते. वगळायचे ते बोनस आणि ओव्हरटाइमचे पैसे. किमान वेतन कायद्याखाली हाच वाद नागपूरहून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७२ मध्ये न्यायालयाने सांगितले, की दुप्पट करायचे ते कामगाराला प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेतनाचे, सरकारने ठरवलेल्या किमान दराचे नव्हे. तरीही पगाराची फोड अशी करायची की मूळ वेतन नावापुरते राहील, आणि दुप्पट करताना तेवढेच धरायचे, ही रीत चालत आली. वेतन संहितेने वेतनातून वगळलेल्या भत्त्यांना एकूण मोबदल्याच्या निम्म्यापर्यंतच जागा ठेवून या वाटेवर काटे पसरले आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या चार कामगार संहितांतील ही मला मनापासून पटलेली तरतूद.

जादा तासाला दुप्पट दर का, याचा विसर तर कामगारांची बाजू घेणाऱ्यांनाही पडलेला दिसतो. तो दर बक्षीस म्हणून ठेवलेला नाही, तो लगाम आहे. दोन माणसांना बारा-बारा तास राबवण्यापेक्षा तिसरा माणूस कामावर घेणे मालकाला स्वस्त पडावे, यासाठी तो ठेवला गेला. मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास त्यामागे आहे. सूर्य मावळला की कापड दिसत नसे, तोवर कामाच्या दिवसाला निसर्गाचीच मर्यादा होती. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबला. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली, १९२२ मध्ये ती अकरा झाली, १९३४ मध्ये दहा, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत असताना झालेल्या प्रयत्नांतून १९४६ मध्ये आठवडा अठ्ठेचाळीस तासांवर आला. एकेक तास कमी व्हायला दहा-बारा वर्षे लागली. तरी तासांच्याही आधी पगाराच्या तारखेचे भांडण होते, हे फारसे सांगितले जात नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये सुमारे साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज सादर केला. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी सर्वांना ठाऊक आहे, कारण ती १८९० मध्ये मान्य झाली आणि त्या सुट्टीचा लाभ आज अर्ज न करणारेही घेतात. त्याच अर्जात आणखी एक मागणी होती: मागच्या महिन्याचा पगार चालू महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा. केलेल्या कामाचे पैसे वेळेवर द्या, एवढीच. आज संहिता सात तारीख सांगते. कंत्राटी कामगारांच्या वस्तीतल्या वाण्याच्या उधारीच्या वहीवरून ती तारीख कितपत पाळली जाते ते कळते.

विरुद्ध बाजूचे म्हणणे पोकळ आहे असे मी मानत नाही. तिचा सर्वांत वजनदार मुद्दा खुद्द कामगारांच्या तोंडचा आहे: आम्हाला ओव्हरटाइम हवा आहे. हे खरे आहे. बीडहून, लातूरहून, यवतमाळहून किंवा बिहारमधून आलेला तरुण खोलीत सहा जणांबरोबर राहतो तो घरी पैसे पाठवण्यासाठी. त्याला पाच वाजता सोडले तर तो उद्यानात फिरायला जाणार नाही, दुसरे काम शोधेल. ज्या कंपनीत ओटी नाही ती सोडून तो ओटी असलेल्या कंपनीत जातो. त्याच्या वतीने 'त्याला विश्रांती द्या' असे लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला तो हसेल. पण तो नेमके काय मागतो आहे? जादा पैसे. जादा तास ही त्याने त्यासाठी मोजलेली किंमत आहे. त्याच्या मागणीचा आधार घेऊन त्याला एकपट दराने राबवणे म्हणजे तहानलेल्याच्या तहानेचा दाखला देऊन पाण्यात भेसळ करणे होय. आणि लेखी संमतीविषयी बोलायचे, तर उद्या सकाळी गेटवर कार्ड चालेल की नाही हे ज्याच्या हातात आहे, त्यानेच पुढे केलेल्या कागदावर सही न करण्याचे स्वातंत्र्य कंत्राटी कामगाराला कितीसे असते? १९८२ मध्ये आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच प्रश्नाला हात घातला. भुकेमुळे माणूस किमान वेतनापेक्षा कमी मजुरी पत्करतो तेव्हा ती परिस्थितीने लादलेली सक्ती असते, आणि असे काम संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदात निषिद्ध ठरवलेल्या वेठीत मोडते, असा त्या निकालाचा आशय होता. संमतीचा कागद हा त्यावरचा तोडगा होऊ शकत नाही.

दुसरा मुद्दा लहान उद्योजकांचा. भोसरीत किंवा अंबडला दोन-चार लेथ आणि एक प्रेस घेऊन बसलेला माणूस काही खलनायक नसतो. मोठी कंपनी त्याला भाव बांधून देते, माल उद्याच हवा म्हणते आणि बिलाचे पैसे तीन महिन्यांनी देते. २००६ च्या कायद्याने लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत देणे बंधनकारक केले आहे, आणि त्या मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट आयकरात त्या वर्षी न देण्याची तरतूदही अलीकडे आली. तरी साखळीतल्या सर्वांत खालच्या कडीवर ताण पडायचा तो पडतोच. मग तो उद्योजक आपल्याला न मिळालेले पैसे आपल्या कामगाराला न देऊन भरून काढतो. त्याची अडचण मला मान्य आहे, तोडगा मान्य नाही. शेजारच्या गाळ्यात दुप्पट दर प्रामाणिकपणे देणारा दुसरा उद्योजक असतो आणि याच्या भावापुढे निविदा हरतो तो तोच, हे लघुउद्योगांच्या बाजूने बोलणारे कधी बोलत नाहीत. मजुरी बुडवण्याची मुभा लघुउद्योगाला जगवत नाही, ती त्यातल्या सचोटीच्या माणसाला धंद्यातून उठवते.

तिसरा मुद्दा असा, की दुप्पट दर जगाच्या मानाने जास्त आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९१९ च्या करारात जादा तासाचा किमान दर सव्वापट होता, अमेरिकेत १९३८ पासून दीडपट आहे. (त्याच १९१९ च्या करारात सर्वसाधारण नियम म्हणून अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा आणि ब्रिटिश हिंदुस्थानसाठी मात्र साठ तासांचा, अशी वेगळी पंगत मांडली होती, हेही जाता जाता नोंदवावे.) दर झेपेल इतका ठेवला तर लोक तो पाळतील, हा तर्क ऐकायला शहाणपणाचा वाटतो. पण जो एकपट देऊन निभावून नेतो तो दीडपट कशासाठी देईल? चोरून वीज घेणाऱ्याला दर कमी केले म्हणून मीटर बसवावासा वाटत नाही. आणि दर उतरवण्याचा प्रयोग झालेलाही आहे. १७ एप्रिल २०२० रोजी टाळेबंदीचे कारण देऊन गुजरात सरकारने कारखान्यांना बारा तासांचा दिवस दिला आणि जादा तासांची मजुरी मूळ दराच्या प्रमाणातच राहील असे अधिसूचनेत उदाहरणासह लिहिले: आठ तासांचे ऐंशी रुपये असतील तर बारा तासांचे एकशेवीस. ठेकेदाराच्या कच्च्या वहीतला हिशेब त्या दिवशी राजपत्रात आला. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली आणि मधल्या काळातल्या ओव्हरटाइमचे पैसे देण्याचा आदेश दिला. निकाल स्वच्छ होता. पण त्या महिन्यांत राबलेल्या आणि नंतर गावी निघून गेलेल्या कामगाराने आपले तास दाखवायचे कशाच्या आधारावर?

राहिला इन्स्पेक्टरचा मुद्दा. निरीक्षक येतो, पाकीट घेतो, जातो, आणि कामगाराचे काहीच भले होत नाही, हा उद्योजकांचा अनुभव खोटा नाही. संहितेने त्यावर उपाय म्हणून निरीक्षकाला सुविधा देणाऱ्याचे नाव जोडले, तपासणी संगणकाने निवडायची ठरवली आणि काही चुकांना खटल्याआधी सुधारण्याची संधी दिली. पण वेतन कमी दिल्याबद्दल पहिल्या गुन्ह्याला कमाल दंड आहे पन्नास हजार रुपये. वरच्याच उदाहरणातले शंभर कामगार घ्या: महिन्याला वाचणारी रक्कम होते सात लाख ऐंशी हजार. एवढाच दंड, तोही सापडलो तर. हा धाक की परवाना? दाव्यात दहापटीपर्यंत भरपाई मिळू शकते हे खरे, पण त्यासाठी मालकाविरुद्ध अर्ज करावा लागतो, आणि ते धाडस सहसा नोकरी गेल्यावरच होते. शिवाय जे कार्यालय कायद्याच्या नकाशावरच नाही तिथे संगणक कोणाला निवडणार? २०२४ मध्ये एका तरुण सनदी लेखापालाच्या मृत्यूनंतर अतिकामाचा प्रश्न देशभर गाजला, तेव्हा कामगार खात्याच्या तपासणीत पुढे आले, की त्या बहुराष्ट्रीय संस्थेचे पुण्यातील कार्यालय २००७ पासून दुकाने व आस्थापना कायद्याखालील नोंदणीशिवाय चालू होते. म्हणजे हा रोग पत्र्याच्या शेडपुरता नाही, काचेच्या इमारतीतही आहे.

आणि तो आपल्या घराच्या दारापर्यंत आहे. आमच्या सोसायटीच्या सभेत मी एकदा सुचवले, की गेटवर बारा तासांच्या दोन पाळ्यांऐवजी आठ तासांच्या तीन पाळ्या कराव्यात. चौसष्ट घरे, एक जादा माणूस, अठरा हजार रुपये: घरामागे महिना दोनशे ऐंशीच्या आसपास. एरवी समतेवर सुंदर बोलणारे आमचे एक शेजारी म्हणाले, "अहो, पण त्यांची तक्रार आहे का?" ठराव पुढच्या सभेवर गेला. मीही फार ताणून धरले नाही, हे कबूल केले पाहिजे. आमचे वॉचमनकाका गेटवरच्या वहीत दूधवाल्यापासून कुरिअरवाल्यापर्यंत प्रत्येकाची येण्याची आणि जाण्याची वेळ लिहितात. त्यांची स्वतःची वेळ एजन्सीच्या वहीत असते, आणि ती वही आम्ही कोणी कधी मागितलेली नाही.

वही ज्याच्या हातात, हिशेब त्याचा, हे या राज्याला कोणी नव्याने शिकवण्याची गरज नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने हाच धडा गिरवला होता. बाजारसमित्यांत आणि गोदामांत ओझी वाहणाऱ्या हमालांची मजुरी मुकादमाच्या मर्जीवर होती. कायद्याने मालकाला सांगितले, की मजुरी आणि वरची लेव्ही, म्हणजे मजुरीवरची ठरावीक टक्केवारी, माथाडी मंडळात भर, कामगाराला पैसे मंडळ देईल. मजुरीच्या नोंदीवर मालकाचा एकट्याचा ताबा उरला नाही, हे त्या कायद्याचे मर्म. त्या मंडळांत पुढे काय काय शिरले, माथाडीच्या नावाने खंडणी कशी सुरू झाली, हे सर्वांना माहीत आहे आणि त्यावर कठोर टीका झालीच पाहिजे. पण तिसऱ्याच्या हाती वही देण्याची कल्पना त्यामुळे खोटी ठरत नाही. रोजगार हमीच्या कामावरील हजेरीपटाचे तेच. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ मध्ये पहिली जनसुनवाई घेतली तेव्हा मागणी काय होती? सरकारी कामांची बिले आणि मस्टर गावासमोर वाचून दाखवा. माहितीच्या अधिकाराची राष्ट्रीय चळवळ मजुरीच्या कागदांतून उभी राहिली. सरकारी खडी फोडणाऱ्याचे मस्टर आज कोणालाही पाहता येते आणि खासगी कारखान्यातल्या कामगाराला स्वतःचेही दिसत नाही, ही विसंगती कोणाला खटकत कशी नाही?

यंत्रांची अडचण तर अजिबात नाही. बोटाचा ठसा किंवा चेहरा ओळखणारे यंत्र गेटवर आहेच, आणि दहा मिनिटे उशीर झाला की अर्धा दिवस कापण्याइतके ते तत्पर आहे. वास्तविक कायदा गैरहजेरीच्या प्रमाणातच कपात करू देतो, पण ते राहू द्या. पाच वाजता पंच आउट करायला लावून पुन्हा लाइनवर उभे केले जाते, असे सांगणारे कामगार भेटतात. म्हणजे येण्याची वेळ यंत्र लिहिते आणि जाण्याची माणूस ठरवतो. ऊसतोडीत गैरहजर दिवसासाठी 'खाडा' असा खास शब्द आहे आणि त्याचा हिशेब टोळीला शेवटच्या रुपयापर्यंत चुकवावा लागतो. जादा राबलेल्या तासासाठी मात्र आपण शब्दसुद्धा उसना आणला आहे.

कायद्यात एक कळीची जागा अजून मोकळी आहे. वेतन संहितेच्या ५९ व्या कलमाने वेतन न दिल्याच्या वा कमी दिल्याच्या दाव्यात 'पैसे दिले' हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर टाकली, हे चांगले झाले. पण ओव्हरटाइमच्या वादात मालक 'पैसे दिले' असे म्हणतच नाही. तो म्हणतो, असा तास झालाच नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४६ मध्ये एका कुंभारकामाच्या कारखान्याच्या खटल्यात या पेचाचे उत्तर दिले होते: नोंद ठेवणे मालकाचे कर्तव्य आहे, आणि त्याने ती नीट ठेवली नसेल तर कामगाराने वाजवी अंदाजाने मांडलेला हिशेब ग्राह्य धरून तो खोडण्याचा भार मालकावर टाकावा. नोंद न ठेवण्याचा फायदा नोंद न ठेवणाऱ्याला मिळता कामा नये, एवढे साधे ते तत्त्व. आपल्या नियमांत ते स्पष्ट शब्दांत आले पाहिजे, आणि त्याच्या जोडीला रोजच्या येण्याजाण्याची वेळ यंत्रातून परस्पर कामगाराच्या मोबाइलवर गेली पाहिजे, मग तो कामगार ठेकेदाराचा असो वा कंपनीचा. बँक दहा रुपये कापले तरी संदेश पाठवते. एका संदेशाने उद्योग राज्याबाहेर जाईल असे कोणी म्हणणार नाही. बाराव्या तासाचे समर्थन करणाऱ्या मंत्र्यांना आणि त्याचा निषेध करणाऱ्या आमदारांना म्हणूनच माझी एकच विचारणा आहे: तिमाहीचे ते १४४ तास संपले हे कामगाराला कोणत्या दिवशी, कोणत्या कागदावरून कळणार आहे?